धागा: नागपूरच्या उन्हात टर्बो गाडीला ऑइल कोणतं, आणि बिल कमी करायचं कसं?

संत्रागाव_टर्बो | ४ मे, रात्री ११:०८

मंडळी, ऑइलवरचे जुने धागे वाचले. त्यात निम्मे बुलेटवाले, निम्मे डिझेलवाले. म्हणून नवीन काढतोय.

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०, २०१७ ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल. मागच्या नोव्हेंबरात सेकंड हँड घेतली, आज ६८,२०० किमी झालेत. रोज मनीषनगर ते सदर, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा समृद्धीनं संभाजीनगर, सासुरवाडीला. वर्षाचं रनिंग ९,००० च्या आसपास.

परवा सर्व्हिस सेंटरला "नुसतं ऑइल बदलायचं किती होईल?" एवढंच विचारायला गेलो. हातात हे एस्टिमेट आलं:

इंजिन ऑइल ६ लिटर, १,१९० च्या दरानं: ७,१४०
ऑइल फिल्टर: १,१५०
ड्रेन प्लग (जुनं तेल काढायचं बूच): २२०
मजुरी: २,९००
इंजिन फ्लश: १,४००
एसी जंतुनाशक: १,३५०
एकूण १४,१६०.

तिथून निघालो तो थेट माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे. तो म्हणाला, "दादा, हे पाण्यासारखं तेल थंड देशातल्या लोकांसाठी. आपल्याकडं मे महिन्यात ४६ जातं. वीस-पन्नास (२०डब्ल्यू-५०, दाट तेल) टाका, चार लिटरचा डबा दीड हजारात येतो, इंजिन लोण्यासारखं चालेल." पटलं पण आणि भीती पण वाटली. अशा स्पोर्ट्स कारला हे चालतं का? चौदा हजार आणि दीड हजार यांच्यामधला शहाणा रस्ता कोणता?

बर्डीचा_बंड्या | ४ मे, रात्री ११:३१

अबे भाऊ, जिच्या डिक्कीत ५९० लिटर सामान मावते तिले तू स्पोर्ट्स कार म्हणून राहिला? माह्या मामाकडे हीच गाडी हाय, साध्या इंजिनवाली. मौद्याहून तांदळाचे दोन पोते आणते तिच्यात.

बाकी वीस-पन्नास टाकू नको. काहून ते मले सांगता येत नाही, काका येऊन सांगतीन.

संत्रागाव_टर्बो | ४ मे, रात्री ११:३४

तांदूळ मीही आणतो. पण सिग्नलवरून निघताना २३० हॉर्सपॉवर असतात, तुझ्या मामाकडे नसतात.

वंगणकाका | ५ मे, सकाळी ६:५२

बंड्यानं नाव घेतलंच आहे, तर लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी उमरेडकडच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं डंपर-डोझरच्या देखभालीत होतो, त्यातली बरीच वर्षं तेलाच्या नमुन्यांच्या बाटल्या भरण्यात गेली. मोटारीतलं मला सगळं कळतं असं नाही, तेलातलं थोडं कळतं.

आधी आकडे. तुमच्या गाडीला चालणाऱ्या ५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनात तेल किती लवकर हलतं ते सांगतो. डब्ल्यूच्या नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट उरतं ते सांगतो. तेव्हा बाहेर ४६ आहे का २६, हा प्रश्न दुसऱ्या आकड्याला फारसा पडतच नाही. इंजिनाला थर्मोस्टॅट असतो. कूलंट ठरल्या तापमानाच्या आसपास राहतं, आणि तुमच्या इंजिनात तेलाचा कूलर त्याच कूलंटवर चालतो. नागपूर असो की नॉर्वे, गरम झालेल्या इंजिनातलं तेल शंभरच्या आसपासच असणार.

आता वीस-पन्नास का नको. तुमच्या इंजिनात टर्बो आहे, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो, कॅमशाफ्ट पुढेमागे करणारी यंत्रणाही तेलावरच. तेलपंपसुद्धा गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा आहे. हे सगळं एका ठरावीक पातळपणाच्या तेलासाठी मोजून बनवलंय. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी सेल मारला की पहिल्या काही सेकंदांत दाट तेल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. झीज होते ती तेव्हा. डिसेंबरातली नागपूरची सकाळ आठवा, आठ-दहा अंश असतात.

तुमच्या मेकॅनिकचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यानं हात काळे केले ते ॲम्बॅसिडर-फियाटवर. त्या इंजिनांना दाट तेलच लागायचं.

एक काम करा. या गाडीच्या डिस्प्लेवर तेलाचं तापमान दिसतं. समृद्धीवर गेलात की बघून इथं लिहा.

सदर_स्टेशनरी | ५ मे, सकाळी ९:१५

काका, पण मग ५डब्ल्यू-४० म्हटलं की झालं का? ऑनलाइन पाहिलं तर ५डब्ल्यू-४० लिहिलेलं तेल ४ लिटरला १,८०० पासून ४,५०० पर्यंत आहे. एवढा फरक कशाचा?

वंगणकाका | ५ मे, दुपारी १:२०

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

डबा उलटा करा. पुढच्या बाजूला रेसची गाडी, आग, टायटॅनियम, सगळं असतं. वाचायचं ते मागचं बारीक अक्षर. ५डब्ल्यू-४० ही ग्रेड, आणि ग्रेड म्हणजे नुसता दाटपणा. त्यात साफ करणारे घटक किती, झीज थांबवणारे किती, तेल किती तास टिकेल, हे ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी गाडी कंपनीचा मान्यता क्रमांक असतो. या गाडीच्या पुस्तकात व्हीडब्ल्यू (म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडाची मालक कंपनी) ५०२ ०० लिहिलेलं असेल, पाहून घ्या. तो क्रमांक मिळवायला तेल कंपनीला ठरलेल्या इंजिन चाचण्या पास कराव्या लागतात.

इथं एक मेख आहे. काही डब्यांवर लिहितात "अप्रूव्हल: व्हीडब्ल्यू ५०२ ००", आणि काहींवर "मीट्स" किंवा "सूटेबल फॉर व्हीडब्ल्यू ५०२ ००". पहिल्याला गाडी कंपनीनं कागद दिलाय. दुसऱ्यात तेल कंपनी स्वतःच म्हणते की आमचं चालेल बरं का. चालतही असेल. पण स्वतःच्या मुलाला स्वतःच मार्क देण्यातली गत.

म्हणून महाग-स्वस्त बघू नका. ५०२ ०० अप्रूव्हल असलेल्या तेलांची यादी करा आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त घ्या. त्याच्या वरचे पैसे डब्याच्या रंगाचे.

आणि एक सावधगिरी. नव्या गाड्यांसाठी व्हीडब्ल्यू ५०८ ०० नावाचं ०डब्ल्यू-२० तेल येतं, हिरवट रंगाचं. "नवीन आहे म्हणजे चांगलं" म्हणून २०१७ च्या आरएसमध्ये ओतू नका. ते ज्या इंजिनांसाठी सांगितलंय त्यांच्यासाठीच आहे.

कागदपत्रे_तपासा | ५ मे, दुपारी ३:०२

"फुल्ली सिंथेटिक" या शब्दावरही जाऊ नका. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलनं तक्रार केली होती की कॅस्ट्रॉल खनिज तेलावर प्रक्रिया करून त्याला सिंथेटिक म्हणतंय. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं कॅस्ट्रॉलच्या बाजूनं कौल दिला. तेव्हापासून असं प्रक्रिया केलेलं खनिज तेलही (त्याला ग्रुप थ्री म्हणतात) बिनदिक्कत सिंथेटिक म्हणून विकलं जातं. तेल वाईट असतं असं नाही, पण त्या शब्दाचे जादा पैसे देऊ नका.

जाता जाता: कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून आलंय.

बर्डीचा_बंड्या | ५ मे, दुपारी ३:१०

म्हणजे लहानपणी आजीनं मले जे पाजलं ते रेसिंग ऑइल होतं. तरीच.

ड्रायव्हर_ताई | ५ मे, संध्याकाळी ७:४४

माझी पोलो जीटी टीएसआय, अकरा वर्षं माझ्याकडेच आहे. ऑइलवर पैसे वाचवायला गेले आणि कशी फसले ते सांगते, म्हणजे तुम्ही नाही फसणार.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून नावाजलेल्या ब्रँडचा डबा घेतला, बाजारभावापेक्षा आठशे रुपये कमी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्कीम चालू आहे." घरी आणून अंगणात झाकण उघडलं तर खालची रिंग तुटल्याचा आवाजच आला नाही, झाकण तसंच फिरलं. मग चष्मा लावून नीट पाहिलं. डब्याच्या अंगावरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा बॅच नंबर वेगळे. लेबलची कड एका बाजूनं दोन मिलिमीटर वर चढलेली. वास मात्र नवीन तेलासारखाच! त्यामुळे वासावर जाऊ नका. ते तेल मी गाडीत ओतलं नाही. दुकानदारानं परत घेतलं नाही, "उघडलेला डबा आहे" म्हणे.

तेव्हापासून मी वितरकाच्या काउंटरवरून पक्कं बिल घेऊनच आणते. बिलावर १८ टक्के जीएसटी दिसतो तेव्हा जीव तुटतो, पण बिल असलं की भांडता येतं.

आणि सगळ्यांना विनंती: रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडा, लेबल फाडा. अख्ख्या डब्याला तो जास्त पैसे का देतो याचा विचार करा.

खामला_नाका | ५ मे, रात्री ९:२६

ताईंच्या शेवटच्या वाक्यानं गारठलो. आजवर सगळे डबे अख्खे दिलेत.

संत्रागाव_टर्बो | ११ मे, रात्री १०:४०

काका, दिलेलं काम करून आलो.

काल दुपारी शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो तेव्हा डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ४३. क्रूझ १२० वर लावून वर्ध्याच्या पुढे गेल्यावर तेल १०६ वर स्थिरावलं, मध्येच १०७. चढावर एकदा १०९. परत १०६.

आता गंमत. गाडी घेतल्यावर डिसेंबरात पहिल्यांदा हाच प्रवास केला होता, हौसेनं डॅशबोर्डचा फोटो काढलेला. तो मोबाइलमध्ये शोधला. बाहेर १३, वेग १२०, तेल १०१. म्हणजे बाहेर ३० अंशांचा फरक आणि तेलात फक्त पाच! मेकॅनिकला फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मीटर कंपनीनंच बनवलाय ना दादा."

बर्डीचा_बंड्या | ११ मे, रात्री १०:५२

मीटरवर कायले भरोसा ठेवता? मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंश दाखवलं होतं सेन्सरनं, देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता.

वंगणकाका | १२ मे, सकाळी ७:०५

वा, अशी नोंद कुणी आणली की बरं वाटतं. मेकॅनिकवर रागावू नका.

शहरातल्या रनिंगबद्दल थोडं. तुमचा रोजचा प्रवास दहा-बारा किलोमीटरचा असेल. तेलाला पुरतं गरम व्हायला त्यातला बराच रस्ता जातो. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. लांब प्रवासात ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचतं आणि तेल पातळ करतं. म्हणून पुस्तकात १५,००० किमी किंवा एक वर्ष लिहिलंय त्यातलं "एक वर्ष" तुमच्यासाठी आहे. ९,००० च झाले म्हणून दीड वर्ष ओढू नका. ती बचत खोटी.

खाणीत आम्ही एक साधा प्रयोग करायचो. डिपस्टिकवरचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा आणि रात्रभर आडवा ठेवायचा. मधला डाग काळा आणि कडा विरत गेलेली असेल तर तेल अजून घाण पोटात धरून फिरवतंय. मधे डांबरासारखा घट्ट ठिपका आणि भोवती स्वच्छ पांढरं असेल तर ते दमलं. बाहेरच्या कडेला फिकट पिवळं वलय दिसलं तर इंधन मिसळल्याची शंका घ्यायची. प्रयोगशाळेच्या रिपोर्टची सर याला नाही, पण फुकट आहे. नुसतं काळं झालं म्हणून तेल खराब समजू नका. काळं होणं म्हणजे ते काम करतंय.

इंजिन फ्लश आणि बाटलीतले "मॅजिक" पदार्थ नकोत. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनात फ्लश करायला असतं काय?

वकील_वर्धारोड | १२ मे, सकाळी ११:३०

वॉरंटीतल्या गाडीवाल्यांसाठी: २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोकला होता, सुटे भाग खुल्या बाजारात न सोडल्याबद्दल. त्याच आदेशात असंही म्हटलं होतं की बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. प्रकरण पुढे अपिलात गेलं, त्यामुळे त्या भरवशावर उड्या मारू नका. वॉरंटी संपेपर्यंत तेलाचं बिल, डब्याचा फोटो आणि मीटरचा फोटो जपून ठेवा. धागाकर्त्याची गाडी २०१७ ची, त्याला हा प्रश्नच नाही.

ड्रायव्हर_ताई | १२ मे, दुपारी १२:१०

संत्रागाव, एक विचारू? इंजिन ऑइलवर एवढी चर्चा झाली, तुमच्या गिअरबॉक्सचं तेल बदललंय का? आरएस २३० ला सहा गिअरचा ओल्या क्लचवाला डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० ला बदलायचं असतं. तुमचे ६८,००० झालेत.

संत्रागाव_टर्बो | १२ मे, दुपारी १२:४८

...

आत्ता फाइल काढली. पहिल्या मालकाच्या नोंदी ४५,००० पर्यंतच आहेत. त्यापुढे काहीच नाही. कोरं.

वंगणकाका | १२ मे, दुपारी १:१५

ताई, बरं झालं विचारलंत. तिथं एक रुपयाही वाचवायचा नाही. त्या तेलात क्लच बुडालेले असतात.

संत्रागाव_टर्बो | २५ मे, रात्री ९:३०

झालं एकदाचं. हिशेब देतो.

५०२ ०० अप्रूव्हलवाल्या तेलांची यादी केली, त्यातलं सगळ्यात स्वस्त ५डब्ल्यू-४० निवडलं, वितरकाकडून पक्क्या बिलावर आणलं. ४ लिटरचा डबा ३,३५० आणि एक-एक लिटरचे दोन, ९२० प्रमाणे. एकूण ५,१९०. फिल्टर ७८०, ड्रेन प्लग १९०. मजुरी ८००, त्याच मेकॅनिककडे. बेरीज ६,९६०. सर्व्हिस सेंटरपेक्षा ७,२०० कमी.

रात्री बसून हे ७,२०० फोडून पाहिले. नुसत्या तेलात वाचले १,९५०. मजुरीत २,१००. फिल्टर-प्लगमध्ये मिळून ४००. आणि न केलेल्या फ्लश-जंतुनाशकात २,७५०! म्हणजे मी इतके दिवस तेलाच्या भावावरून डोकं खाजवत होतो आणि सगळ्यात जास्त पैसे तर "हे नको" म्हणण्यात वाचले. मान्यता नसलेलं तेल घेतलं असतं तर अजून दीड हजार वाचले असते, ९,००० किमीला भागले तर किलोमीटरला १७ पैसे. पेट्रोलला किलोमीटरमागे नऊ-साडेनऊ रुपये जातात.

काम मी समोर उभं राहून करून घेतलं. या इंजिनाचा फिल्टर वरच्या बाजूला आहे, आणि खालचा ड्रेन प्लग प्लॅस्टिकचा. मेकॅनिक जुनाच परत बसवायला निघाला होता, "चांगला आहे की दादा." नवीन खिशातून काढून हातात दिला तेव्हा बसवला. जुनं तेल त्याच्या ड्रमात गेलं, तो ते अधिकृत उचलणाऱ्याला देतो, पावती दाखवली. डब्यांना भोकं पाडली, ताई.

भरताना एक गोष्ट कळली. इंजिनात लागतं साधारण ५.७ लिटर, बिल होतं ६ चं. सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी ते ३०० मिली कुठे जात असेल? मागा, लाजू नका, तुमचं आहे.

आणि डीएसजी. तेल, फिल्टर, मजुरी मिळून १२,८००. म्हणजे वाचलेले ७,२०० गेले आणि वर खिशातले ५,६००. निघालेलं तेल पाहिलं तर चहाच्या चोथ्यासारखा रंग होता. दुसऱ्या गिअरला सकाळी एक बारीक धक्का यायचा, तो मला "स्पोर्टी" वाटायचा. गेला.

बर्डीचा_बंड्या | २५ मे, रात्री ९:३८

ते ३०० मिली मले दे, लुनात टाकतो.

वंगणकाका | २५ मे, रात्री ९:५५

बंड्या, लुनाला टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल लागतं. संत्रागाव, ते झाकण घट्ट लावून ठेवा. दर दोन आठवड्यांनी सपाट जागी गाडी उभी करून, बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. टर्बो गाडी थोडं तेल पिते, तेव्हा कामी येईल.

संत्रागाव_टर्बो | २५ मे, रात्री १०:०२

ठेवलंय काका. डिक्कीत, तांदळाच्या पोत्याशेजारी.